बदकाच्या पोटाखालचं साल



अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागराकाठी शिकारी लाकडी बदकं पाण्यावर तरंगत ठेवत. ती पाहून खरी बदकं खाली उतरत. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे न्हावी भाऊ अशी बदकं कोरून नावाजले. आज जुनी बदकं शौकीन लोक मोठी किंमत देऊन घेतात.

म्हणून नव्या बदकालाही जुनेपण देतात. चोच, शेपटी, पाठ, जिथे जिथे हात लागतो, तिथला रंग सँडपेपरने घासतात. मग पातळ तपकिरी रंग फासून फडक्याने पुसतात. चिरांमध्ये तो उरतो. यात पाप नाही. प्रामाणिक कारागीर पोटाखाली आपलं नाव आणि खरं साल कोरतो. ते खरवडून जुनं म्हणून विकलं, की फसवणूक झाली.

हे वाचून आम्ही सेवक ओशाळलो. गेल्या नाताळाआधी एका आजारी आजींकडे जायचं आमच्याकडून राहिलं. तरी अहवालात 'सर्व गृहभेटी पूर्ण' असं लिहिलं आणि थकलेले चेहरे घेऊन मंडळीपुढे उभे राहिलो. उपवास लोकांना दिसावा म्हणून तोंड उतरवून फिरणाऱ्यांविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात बजावलं आहे. ते आम्हीच होतो.

गेल्या रविवारी आजींकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांनी आधी आमच्यासाठी प्रार्थना केली, मग चहा ठेवला. अहवालही आम्ही दुरुस्त केला.

प्रभू, वरचा रंग कसाही असो, खाली कोरलेलं तू वाचतोस. ते आम्हाला खरवडू देऊ नकोस. आमेन.