बुडीत खातं

वाघेश्वराचं देऊळ. १९७२ साली पवना धरण झालं, तेव्हापासून पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जेमतेम काही महिने उघडं पडतं. काळे घडीव दगड, सांध्यांत वाळून भेगाळलेला गाळ. नखाने ओढला तर पापुद्राच हाती येतो. मे महिन्यात मावळातली माणसं दर्शनाला येतात. पावसाळ्यात देव परत पाण्यात. नावातला वाघ तर धरणाच्या आधीच गेला.

नदीचे उतार. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे मांडीएवढं, हे जुन्या माणसांना पाठ. आता तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी साडेआठ टीएमसी पाणी तुंबलंय, त्याला कसला उतार? काठावर तंबू लागतात, शनिवारी रात्री गाणी.

आंबेमोहोर. शेजारच्या घरी शिजला तरी कळायचा. पण उंच वाढायचा, वाऱ्याने लोळायचा, उताराही कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये त्याच्याच संकरातून इंद्रायणी आणला. चांगला तांदूळ आहे, तक्रार नाही. मात्र दुकानातल्या पिशवीवर ‘आंबेमोहोर’ वाचून हुरळू नये.

इरलं. आवणीच्या वेळी वाकलेल्या पाठीवरचं. ते प्लॅस्टिकच्या कागदाने घालवलं. यात धरणाचा दोष नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

धरणग्रस्तांची जमीन. ही नुसती बुडाली नाही, थकलीसुद्धा. आजोबांनी पुनर्वसनासाठी केलेला अर्ज नातू चालवतोय, अशी घरं अजून आहेत.

आणि उन्हाळ्यातली वाहती पवना. ही अजून शिल्लक आहे. पिंपरी-चिंचवडचं पाणी धरणातून नदीतच सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात. म्हणून तर मधल्या गावांच्या मोटरी मेमध्येही चालतात, गुरं पाण्यावर येतात. हेच पाणी धरणापासून बंद नळाने नेण्याची योजना निघाली. ९ ऑगस्ट २०११ रोजी तिच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये ती स्थगिती उठली.

एप्रिलात कधी पवनानगरला गेलात, तर पवनेवरच्या पुलावर गाडी थांबवा आणि खाली बघा. अजून वाहतेय.