लांगटांगच्या दगडांना टेप लावताना

काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेला लागून नेपाळचा रसुवा जिल्हा आहे. तिथल्या लांगटांग खोऱ्यात २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे प्राध्यापक भूगोलाचे चौदा विद्यार्थी घेऊन क्षेत्रअभ्यासाला गेलो. परदेश म्हटला तरी नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. तयारी मात्र लागते. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आणि आमचा सर्वात वरचा तंबू पडणार होता ३,८०० मीटरच्या पुढे. म्हणून त्याआधी दर रविवारी पाठीवर सॅक घेऊन राजहंसगड चढायचा, असा नेम ठेवला होता.

स्याब्रुबेसी गावापासून पायवाट सुरू होते. पहिले दोन दिवस दरी अरुंद, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. ती नदीने कोरलेली. घोडातबेला या ठिकाणानंतर दरी एकदम रुंदावते आणि तिचा आकार 'यू' होतो, तो हिमनदीचा. फळ्यावर वर्षानुवर्षे काढत आलेल्या दोन आकृत्या इथे एकाच वाटेवर पाठोपाठ दिसतात. घोडातबेला हे नाव वाचून मुलं खूश झाली. पाट्या देवनागरीत, वाटेला 'बाटो', धोंड्याला 'ढुंगा'. घरी कन्नड, कॉलेजात मराठी बोलणारी आमची मुलं दोन दिवसांत तिसरी भाषाही बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही लांगटांग गावाजवळ पोहोचलो आणि बोलणं थांबलं. समोर राखाडी दगडमातीचं उघडं मैदान होतं. एका मुलीने हळूच विचारलं, "सर, इल्लि मनि इद्वेन्री?" होय, इथेच घरं होती. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. लांगटांग लिरुंगच्या उतारावरून बर्फ आणि खडक सुटले आणि सारं गाव त्यांच्याखाली गेलं. त्यांच्याबरोबर आलेल्या हवेच्या झोताने समोरच्या उतारावरची झाडंही आडवी झाली. तीनशेहून अधिक माणसं गेली. कड्याच्या आडोशाला असलेलं एक घर तेवढं उभं राहिलं.

आमच्या आराखड्यात इथे एक काम होतं. दर दहा पावलांवरचा एक दगड उचलायचा, त्याची लांबी-रुंदी मोजायची, धारदार की गोटा हे लिहायचं. नदीने आणलेले दगड घासून गोल होतात, कड्यावरून कोसळलेले धारदार राहतात. टेप हातात घेऊन एक मुलगा तसाच उभा राहिला. "सर, याच्याखाली माणसं आहेत. मी नाही मोजणार." त्याला काय सांगावं, हे मला चटकन सुचलं नाही.

संध्याकाळी नव्या वस्तीतल्या लॉजवर चहाला गेलो. मालकीणबाईंना सगळे 'आमा' म्हणत. तिने हिंदीत विचारलं, "दगड मोजून काय कळतं?" त्याच मुलाने उत्तर दिलं, "बर्फ कुठून आला, किती लांब पसरला, ते कळतं." आमाचा पुढचा प्रश्न साधाच होता, "मग आम्ही आता जिथे घरं बांधली, तिथे तो पुन्हा येईल का?" कोणी बोललं नाही. तिची दोन माणसं त्या दगडांखाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी आपसात ठरवलं आणि माझी परवानगी मागितली. मृतांच्या स्मारकाकडचा भाग सोडायचा, कडेकडेने मोजायचं, पण मोजायचं. जो मुलगा अडला होता, त्यानेच नोंदवही धरली. आपल्या गावोगावच्या वेशीत वीरगळ असतात. तिथून जाताना आपण क्षणभर थांबतो, आणि मग शेताच्या कामाला लागतो. त्या सकाळी मुलांनी तसंच केलं.

पुढे क्यांजिन गोम्पाला, ३,८७० मीटरवर, तंबू ठोकले. इथे स्विस मदतीने १९५० च्या दशकात सुरू झालेला चीजचा कारखाना आहे. एका मुलीचं डोकं दुखू लागलं, जेवण जाईना. उंचीच्या आजारावर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय; ती रडली, पण माझे सहकारी तिला घेऊन लगेच उतरले. खाली पोहोचल्यावर तिला बरं वाटलं.

बाकीच्यांनी वरचा याला ग्लेशियर दुरून पाहिला. १९७० च्या दशकापासून तो दोन तृतीयांश आटला आहे. १२ मे २०२५ रोजी तिथे शास्त्रज्ञ, बौद्ध भिक्षू आणि गावकरी जमले आणि त्या हिमनदीला श्रद्धांजली वाहून स्मृतिफलक बसवले. ती बातमी वाचून त्या मुलाचा फोन आला. तो आता भूस्खलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो आहे. म्हणाला, "सर, आमाला उत्तर द्यायचं राहिलंय."

पालकांना एकच सांगणं. मुलं अशा सहलीला निघाली की स्वेटर, औषधं, कुंद्याचा डबा सारं द्या. परत आल्यावर मात्र फोटोंच्या आधी त्यांची नोंदवही मागून वाचा.