शारदीय परिपत्रक

सरकारी नोकराच्या आयुष्यात दोन प्रकारची परिपत्रके येतात. पहिल्या प्रकारची वरून खाली येतात. त्यांवर वाचल्याची सही करावी लागते, मग ती वाचलेली असोत वा नसोत. दुसऱ्या प्रकारची शेजाऱ्यांकडून येतात व जिन्याखालच्या फळ्यावर चिकटविली जातात. त्यांवर सही कोणी मागत नाही. दक्षिण दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत या दुसऱ्या प्रकारच्या परिपत्रकाचा मसुदा करण्याचे काम गेली चार वर्षे आमच्याकडे आहे. दिवसभर कचेरीत मसुदे करणाऱ्या लिपिकाला संध्याकाळीही मसुदाच द्यावा, हा ठराव रहिवाशांच्या सभेत एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात आमचे मत नव्हते; परंतु इतिवृत्तात तशी नोंद आढळत नाही.

वर्षभरातल्या परिपत्रकांत शरदातले सर्वांत लांब असते, आणि त्यातील पहिली अडचण तिथीची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेला. शुद्ध पक्षात उभयतांचा महिना एकच असतो; वद्य पक्ष लागला की वाटा फुटतात. कोजागरी होताच समोरच्या भाभीजी कार्तिकस्नानाला आरंभ करतात, तेव्हा आमच्या घरात आश्विन अजून अर्धा शिल्लक असतो. आम्ही आश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजन करतो, ते कार्तिकातल्या; दिवे मात्र दोन्ही दारांत एकाच संध्याकाळी लागतात. पंधरा दिवसांचा हा वाद शतकानुशतके प्रलंबित आहे आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. आम्ही परिपत्रकात इंग्रजी तारीख घालतो व पुढल्या कलमाकडे वळतो.

पुढले कलम कूलरचे. ऑक्टोबरात दिल्लीची हवा पालटते, कूलर बंद होतात, आणि त्यांच्या टाकीतले उरलेले पाणी तसेच राहते. डेंग्यूच्या डासाला हेच हवे असते. त्याला घाण पाणी लागत नाही. घरातले स्वच्छ, निवांत पाणी त्याला मानवते, आणि चावतोही तो दिवसाउजेडी. त्याची अंडी टाकीच्या कडांना चिकटून बसतात व पाणी आटले तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी लाभले की आठदहा दिवसांत नवा डास तयार. म्हणून कूलर नुसता उपडा करून भागत नाही, तो घासावा लागतो. हे सारे आम्ही दरवर्षी लिहीत होतो, आणि लोक दरवर्षी त्याच फळ्यावर दूधवाल्याचा हिशेब मांडीत होते.

गेल्या शरदात वरच्या मजल्यावरील नऊ वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्याच्या आईने देवापुढे साखर ठेवली, वडील कचेरीत गेले. दुपारी तिसऱ्या ब्लॉकमधल्या सिस्टर सहज डोकावल्या. त्या केरळच्या, एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या. मूल ओकत होते, पोट दुखते म्हणत होते, हातपाय गार पडले होते. सिस्टरांनी नाडी पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "ताप गेला म्हणून दुखणे गेले नाही. आत्ता निघायचे." आम्हाला त्या दिवशी रजा होती; रिक्षा आम्ही आणली. या आजारात ताप उतरतानाचे दोन दिवसच घाताचे असतात, रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपू लागतो, हे आम्हाला रुग्णालयाच्या बाकावर बसून समजले. मूल सहाव्या दिवशी घरी परतले. त्या सहा दिवसांत त्याच्या घरी चूल पेटली नाही. डबे पंजाब्याकडून, बिहाऱ्याकडून, बंगाल्याकडून आले, आणि आमच्याकडून मऊभात गेला.

यंदाच्या परिपत्रकात म्हणून एक वाक्य अधिक आहे: "ताप उतरल्यावर पोटदुखी, उलटी अथवा गळाठा जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे." हे वाक्य सिस्टरांचे आहे. मराठीतील नव्हे, हिंदीतीलही नव्हे. ते अनुभवातले आहे.

शेवटचे कलम धुराचे. पालापाचोळा व कचरा जाळणे दंडास पात्र आहे, हे साऱ्यांना ठाऊक आहे. पण फाटकाशी पहाटे शेकोटी पेटविणाऱ्या रखवालदाराची थंडी दंडाच्या भीतीने जात नाही. म्हणून मनाईच्या ओळीखालीच आम्ही वर्गणीची ओळ घातली: त्याच्यासाठी एक विजेची शेगडी व दोन घोंगड्या. मनाई करणाऱ्याने ऊब पुरवावी, हा नियम कोणत्याही संहितेत आम्हाला सापडला नाही. फळ्यावर तो शोभून दिसतो.

कोणी विचारील, बदलीवर आलेल्या माणसांनी हा एवढा उपद्व्याप कशासाठी करावा? २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंजुरी दिली. सुमारे तेरा हजार घरांच्या जागी पंचवीस हजारांहून अधिक घरे व्हावयाची होती. त्यासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध २०१८ साली लोक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. त्या झाडांना मिठी मारून उभ्या राहिलेल्यांपैकी कित्येकांचे त्या सावलीत कायमचे घर नव्हते. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटते. जेथे कोणीच मालक नाही, तेथे काळजी हीच काय ती मालकी. आमच्याही भिंतींचा काही भरवसा नाही, आणि आमच्या बदलीचा तर मुळीच नाही.

तूर्त परिपत्रक फळ्यावर लागले आहे. कोजागरीचे दूध गच्चीवर, रात्री नऊ वाजता. पेला ज्याचा त्याने आणावा. सिस्टरांची त्या रात्री पाळी आहे. त्यांच्या वाट्याचे दूध झाकून ठेवण्याची जबाबदारी वरच्या मजल्यावरच्या मुलाने आपण होऊन घेतली आहे.