आस

घट्ट बसलेली वस्तू सोडवू लागले की माणसाचा स्वभाव कळतो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. बरणीचे झाकण घ्या, नाहीतर पावसाने फुगलेले दार घ्या. पहिल्या हिसक्याला वस्तू हलली नाही की आपण तिला हट्टी ठरवतो आणि हातोडा शोधू लागतो. तिचीही काही बाजू असेल, हे आपल्या मनात येत नाही.

ही बाजू मला उमगली ती एका जुन्या जीपच्या मागल्या चाकापाशी. विलीज जीप भारताच्या रस्त्यांवर आणण्याचे काम महिंद्रांनी १९४७ साली हाती घेतले. पुढे त्यांची उंच नाकाची सीजे-३बी जिथे धड रस्ता नव्हता तिथेही जाऊन पोहोचली. माझ्या मामांची जीप त्याच जातीची, १९६८ सालची. कोकणातल्या त्या वाडीत अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात न्यायची तर तीच. २०१९च्या अखेरीस मामा गेले आणि जीप मांगरात उभी राहिली. चार पावसाळे तिने तसेच काढले. मुले म्हणत, "आई, भंगारात देऊन टाक." मामी म्हणत, "असू दे."

२०२३च्या दिवाळीआधी मिस्त्री आले. मागचे ऑइल सील गळून ब्रेकमध्ये तेल उतरले होते आणि आस काढल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण हब जागचा हलेना. या आसाचे टोक शंकूसारखे निमुळते असते. त्यावर हब दाबून बसतो, मध्ये लोखंडी चावी आणि वरून मोठा नट. नट जितका आवळावा तितका हब घट्ट. म्हणजे अडकणे हा त्याचा दोष नव्हेच. धरून ठेवणे हेच त्याला नेमून दिलेले काम. गंजाने फक्त त्याची निष्ठा वाढवली होती.

मामेभावाने घण उचलला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "दादा, आत दोन्ही आस मधल्या एकाच ठोकळ्याला टेकतात. इकडे घाव घातलात तर तो तिकडच्या बेअरिंगला लागेल."

मग त्यांनी नट थोडा सैल केला, पण काढला नाही. चाकाच्या पाचही बोल्टांवर पुलर बसवला, त्याचा स्क्रू आसाच्या टोकावर टेकवून होता होईल तितका आवळला, आणि हात पुसून चहा मागितला.

"आता पुढे?" मामींनी विचारले.

"आता काही नाही, वहिनी. ताण राहू दे. त्याला वेळ लागेल."

"आणि हा नट कशाला ठेवलात?"

"सुटताना जोरात सुटतो. नट नसला तर ड्रम अंगावर येईल."

आपल्या भाषेत चाकाचा तो आस आणि मनाची ती आस. शब्दांची ही जवळीक योगायोगाची असेल, पण त्या संध्याकाळी मामींकडे पाहताना ती मला खरी वाटली. चार वर्षे आम्ही सारे त्यांना "आता सोडा" म्हणून सांगत होतो, आणि आमचा प्रत्येक शब्द कुठे लागत होता याचा आम्हाला पत्ता नव्हता.

पहाटेच्या सुमारास मांगरात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. आम्ही बॅटरी घेऊन धावलो. हब सुटला होता आणि नटाला टेकून शांत उभा होता. मामींनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

आठवड्याने जीप चालू झाली. मामींनी वाडीतल्या एका तरुणाला बोलावून किल्ली त्याच्या हातात दिली. "कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर विचारत बसू नकोस," त्या म्हणाल्या, "फक्त रात्री इथंच आणून लावत जा."