पहिली कायाक आणि पाठीवरचा भोपळा

गेल्या आठवड्यात भोपाळहून एका पोराचा फोन आला. आमच्याच युनिटमधला, साताऱ्याकडचा. रामराम झाला, घरची खुशाली झाली आणि मग मुद्द्यावर आला.

"साहेब, कायाक घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ?"

मी सध्या राजस्थानात आहे. नेमकी जागा सांगत नाही, पण पाणी टँकरने येतं एवढं सांगितलं तरी पुरे. वाळवंटात बसलेल्या माणसाला नावेचा सल्ला विचारावा, याचं मला हसू आलं. मी त्याला उलट विचारलं, "आतापर्यंत पाण्यात किती वेळा पडलास?"

"एकदाही नाही साहेब!" मोठ्या अभिमानाने म्हणाला.

"मग अजून घेऊ नकोस."

त्याला वाटलं, साहेब चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. पण फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय.

मी बॉम्बे सॅपर्सचा. खडकीला घडलो. पूल बांधणं आणि नावा हाकणं हे आमचं रोजचं काम. बेली ब्रिजचं एक पॅनल साधारण 260 किलोचं असतं आणि ते सहा जण मिळून उचलतात. डोंगराळ भागातल्या एका पोस्टिंगमध्ये, पावसात, असंच पॅनल उचलताना माझा पाय घसरला. पॅनल वाचलं, बाकीचे पाच जण वाचले, माझा उजवा गुडघा गेला. लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, बोर्ड झालं आणि शेप-वन असलेला मी लो मेडिकल कॅटेगरीत आलो. धावणं बंद, ड्रिल बंद, ओझं उचलणं बंद.

फौजेत राहिलेल्यांना यातलं दुखणं सांगायला नको. सकाळी पीटीची शिट्टी वाजते, सगळे मैदानावर जातात आणि तुम्ही ऑफिसात रजिस्टर उघडून बसता. कोणी काही बोलत नाही. पण कोणी बोलत नाही हेच जास्त लागतं.

त्याच काळात भोपाळला पोस्टिंग आली. भोपाळचा बडा तालाब ज्यांनी पाहिला नाही त्यांना 'तलाव' हा शब्द फसवतो. सुमारे 31 चौरस किलोमीटरचं पाणी आहे ते. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून तो तयार करवला असं मानतात. पहाटे काठावर उभं राहिलं की धुक्यातून लांब, निमुळत्या कायाक सरसर जाताना दिसायच्या. तिथे या खेळाचं मोठं प्रशिक्षण चालतं. डॉक्टरांनी मला पोहणं आणि सायकल सांगितली होती. पण त्या नावा बघितल्या आणि मनात आलं, बसून करायचा खेळ, गुडघ्याचं काम नाही, सगळं खांद्यावर. आणि पाणी तर आपलंच आहे.

एक खेळाडू शहर सोडून चालला होता, त्याच्याकडून मी जुनी रेसिंग कायाक घेतली. के-वन म्हणतात तिला, एकट्याची शर्यतीची नाव. लांबी 5.20 मीटर, वजन जेमतेम 12 किलो आणि रुंदी माझं बूड मावेल न मावेल इतकी. विकणारा पोरगा भला होता. म्हणाला, "साहब, ये बहुत हिलती है." मी म्हणालो, "बेटा, बीस साल से नाव चला रहा हूँ." बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "अहो, आधी गुडघा तरी सरळ होऊ द्या." मी विषय बदलला.

पहिल्या सकाळी काठाजवळच पाच वेळा उलटलो. बघणाऱ्यात अकरा-बारा वर्षांच्या मुली होत्या, त्या तसल्याच नावेतून खुर्चीत बसल्यासारख्या जात होत्या. मला राग आला आणि रागाच्या भरात मी पुढचा मूर्खपणा केला. दुसऱ्या रविवारी कोणी नसेल अशा वेळी, दुपारच्या सुमाराला, एकटाच गेलो. मे महिना होता. लाइफ जॅकेट गाडीत राहिलं होतं, ते आणायला परत गेलो नाही. जवानांनी जॅकेटची एक पट्टी ढिली ठेवली तरी त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा मी!

काठापासून तीनशे-चारशे मीटर आत गेलो आणि पश्चिमेचा वारा सुटला. छोट्याच लाटा, पण आडव्या. एका लाटेला नाव कलली आणि मी पाण्यात. नाव पाण्याने भरली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे हिशेब आम्ही पोरांना शिकवतो. भरलेली ती नाव सरळ करायची कशी आणि त्या अरुंद भोकात परत बसायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दोनदा चढायला गेलो, दोनदा ती माझ्यावरच पालथी झाली. तिसऱ्यांदा पाय मारला आणि गुडघा अडकला. दुखला असं नाही, अडकला. सरळही होईना, वाकेनाही.

नाव धरून तरंगत राहिलो. वारा मला काठाला समांतर कुठे तरी नेत होता. किती वेळ गेला माहीत नाही. एका म्हाताऱ्या मासेमाराने लांबून पाहिलं आणि आपली होडी घेऊन आला. दंडाला धरून मला वर ओढलं, कायाक दोरीला बांधली आणि काठाला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना मी म्हणालो, "चाचा, तैरना आता है मुझे." त्याने बिडी पेटवली आणि म्हणाला, "तैरना अलग है साहब, नाव अलग."

त्या रात्री मला गावची विहीर आठवली. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुकलेला भोपळा नाही तर पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलत. मलाही थोरल्या चुलत्यांनी तसंच ढकललं होतं. पाठीवर भोपळा आहे याची तेव्हा लाज वाटली नव्हती. सगळ्यांच्याच पाठीवर होता. चाळिशी ओलांडल्यावर, खांद्यावर फीत आल्यावर, भोपाळात येऊन मला भोपळ्याची लाज वाटली.

ती के-वन मी महिन्याभरात विकली. मग दोन महिने काहीही विकत न घेता, ओळखीने मिळेल ती नाव मागून बसलो, मुद्दाम उलटलो आणि परत चढलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी पाणी ठरवायचं, मग नाव. ऋषिकेशच्या गंगेतल्या खळाळत्या पाण्यासाठीची कायाक आखूड असते, दोन्ही टोकं वर उचललेली, कारण तिला जागच्या जागी वळायचं असतं. तीच तलावात आणली तर दर वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवत बसते. समुद्रावरची लांब असते, सरळ जाते, पण वळायला जड. मोठ्या तलावात, काठाकाठाने फिरणाऱ्या नवख्याला नऊ ते बारा फूट लांब आणि साधारण 28 ते 32 इंच रुंद नाव पुरते.

दुसरं, आत बसायची का वर बसायची. आत बसायच्या नावेत पाय झाकलेले राहतात. थंडी-वाऱ्यात बरं पडतं, नावेवर ताबाही चांगला येतो. पण उलटली की ती भरते, आणि पुढे-मागे हवाबंद कप्पे नसतील तर पाण्यातच उपसता येत नाही. वर बसायच्या नावेला आरपार भोकं असतात, त्यातून पाणी आपोआप खाली जातं. उलटली तर उताणी करायची, पोट टेकवून आडवं चढायचं आणि फिरून बसायचं. बूड ओलं होतं, वजन पंचवीस किलोच्या घरात जातं आणि वेग कमी. पण माझ्या गुडघ्याला त्या भोकातून पाय ओढून काढायचा नव्हता, हे मला कोणत्याही वेगापेक्षा महत्त्वाचं होतं.

तिसरं, आपलं वजन खरं सांगायचं. नावेवर किती किलो चालतात ते लिहिलेलं असतं, पण तेवढं भरलं की ती पाण्यात खोल बसते आणि सुस्त होते. त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशात आपण, पाणी, सामान सगळं बसलं पाहिजे. मी 82 किलोचा, वर पाच किलो सामान. म्हणून 140 किलोवाली पाहिली. वल्हंही नावेच्या रुंदीवर ठरतं. रुंद नावेला आखूड वल्हं घेतलं तर हाताची बोटं काठावर आपटतात. मला 230 सेंटिमीटरचं बरोबर पडलं.

चौथं खास फौजीसाठी. दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येणार. हवा भरायची कायाक पिशवीत मावते, रेल्वेतून नेता येते, क्वार्टरमध्ये पलंगाखाली राहते. मी ती दोनदा वापरली. शांत पाण्यात छान आहे, पण हलकी असल्याने वारा तिला पानासारखी ढकलतो. बडा तालाबच्या वाऱ्यात मला ती नको वाटली. लहान तळ्याकाठी पोस्टिंग असेल तर जरूर घ्या.

या सगळ्यात एका गोष्टीने मला धीर दिला. कायाक मुळात आर्क्टिकच्या इनुइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि वर सीलचं कातडं. ते नाव बनवायचे ती चालवणाऱ्याच्या अंगाच्या मापाने. लांबी पसरलेल्या हातांच्या साधारण तिप्पट, बसायच्या जागी रुंदी कंबर अधिक दोन मुठी. दुसऱ्याच्या मापाची नाव तिथे कोणी घेतच नसे. आणि आपल्या लोकांना लढाईतलं उदाहरण हवं असेल तर 1942 च्या डिसेंबरचं घ्या. ब्रिटिश रॉयल मरीन्सचे दहा जण पाच कायाकमधून फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातल्या जहाजांना सुरुंग लावायला निघाले. परत आले दोघेच. त्या कमांडोंच्या नावाही शर्यतीच्या नव्हत्या. सपाट तळाच्या, घडी होणाऱ्या, सामान वाहणाऱ्या होत्या. काम काय आहे ते बघून निवडलेल्या.

शेवटी मी दहा फुटी, तीस इंच रुंद, वर बसायची, प्लास्टिकची, भडक नारिंगी रंगाची कायाक घेतली. नारिंगी मुद्दाम, लांबून दिसावी म्हणून. लाइफ जॅकेट आणि शिट्टी त्याच दिवशी घेतली आणि नावेलाच बांधून ठेवली. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो, हा नियम चाचाने सांगितला. त्या अकरा-बारा वर्षांच्या मुली शेजारून सुसाट जायच्या आणि "नमस्ते अंकल" म्हणायच्या. मीही नमस्ते म्हणायचो.

गुडघा काही पहिल्यासारखा झाला नाही. पुढच्या बोर्डात एक पायरी वर आलो, शेप-वन झालो नाही, आता होणारही नाही. पण सकाळी पीटीची शिट्टी वाजायची तेव्हा मी तलावावर असायचो. पुढे युनिटमधले आणखी दोघे लो मेडिकलवाले यायला लागले. एकाची पाठ गेलेली, एकाचा घोटा. नाव एकच, मग पाळी लावून बसायचो. पहिल्या दिवशी मी त्यांना वल्हं हातात दिलंच नाही. कंबरभर पाण्यात नेऊन दहा वेळा पाडलं आणि दहा वेळा चढवलं. पाठवाला चिडला. म्हणाला, "साहेब, शिकवताय का बुडवताय?" दहाव्या वेळी वर चढून बसला तेव्हा मात्र काठावरच्या लोकांकडे बघून हसला. त्याला हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहिलं.

बदली झाली तेव्हा नारिंगी नाव तिथेच सोडून आलो, त्या दोघांच्या ताब्यात. ज्या पोराचा फोन आला तो तीच नाव रोज बघतो. त्याला म्हणे ती "म्हाताऱ्यांची" वाटते, त्याला लांब आणि पातळ पाहिजे. घेईल, जरूर घेईल, वय आहे त्याचं. फक्त त्याआधी रविवारी त्या दोघांकडे जा, असं सांगितलंय. पाण्यात दहा वेळा पड. लाइफ जॅकेट घालून पड. दहाही वेळा कोणाच्या मदतीशिवाय वर आलास की मला फोन कर, मग लांबी-रुंदीचं बोलू.

काल रात्री त्याचा मेसेज आला : "साहेब, चार झाले."

जय हिंद.