चेतक : एका नावाचा प्रवास

शहादा, जि. नंदुरबार
१० डिसेंबर २०२५

चि. ओंकार यास,


तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक निरोप वाचला. वरच्या अर्ध्यात तू फोर्डवर चिडला आहेस, कारण कॅप्री हे जुन्या स्पोर्ट्स कारचं नाव त्यांनी विजेवर चालणाऱ्या एका उंच, पाच दारांच्या गाडीला लावलं. खालच्या अर्ध्यात आक्काला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन द्यायची म्हणतोस, आणि ती चेतकच हवी, का तर आजोबांची चेतक होती! अरे, तिकडे तुमच्या जर्मनीतल्या कोलोनला जी फसवणूक वाटते तीच शहाद्यात परंपरा कशी होते? फोनवर हे सगळं सांगत बसलो तर मामीच माझा फोन काढून घेईल, म्हणून पत्र.

तुमच्या कॅप्रीचा राग मला समजतो. १९६९ ते १९८६ एवढी वर्षं ती गाडी निघाली. लांब नाक, दोन दारं, मागे जेमतेम जागा. साध्या पगारदारालाही आपल्याकडे स्पोर्ट्स कार आहे असं वाटावं, हाच तिचा उद्योग होता. २०२४ ची कॅप्री उभी आहे फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर आणि तिचं काम घरच्यांना सामावून घेण्याचं. म्हणजे नाव एकाचं, हाडं दुसऱ्याची, काम तिसरंच. अमेरिकेत फोर्डनेच मस्टँगचं नाव २०१९ च्या नोव्हेंबरात अशाच विजेच्या उंच गाडीला दिलं, तेव्हाही लोक असेच बिथरले होते. गंमत बघ, त्याच्या साधारण एक महिना आधी, १६ ऑक्टोबरला, दिल्लीत नितीन गडकरींच्या उपस्थितीत बजाजने नवी चेतक दाखवली होती. दोन देश, दोन घोड्यांची नावं, आणि दोन्ही बॅटरीवर.

आता चेतकचं ऐक. ज्या नावाला तू आजोबांचं म्हणतोस, ते आजोबांच्या गाडीलाही उसनंच मिळालेलं होतं. बजाजवाले १९४८ पासून स्कूटर बाहेरून आणून विकायचे. पुढे इटलीच्या पियाज्योशी करार करून आकुर्डीला व्हेस्पा बनवू लागले. १९७१ मध्ये तो करार संपला. साचे होते, कामगार होते, बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती, फक्त व्हेस्पा हे नाव लावता येईना. १९७२ मध्ये त्याच घाटणीची गाडी चेतक नावाने बाहेर आली. ज्याला आपण अस्सल देशी म्हणून डोक्यावर घेतलं, त्या गाडीचा बांधा व्हेस्पा स्प्रिंटचा आणि नाव हळदीघाटीचं. पियाज्योने पुढे परदेशी बाजारांत या सारखेपणावरून भांडणही मांडलं. आज व्हेस्पा स्वतःच बारामतीत बनते, २०१२ पासून. काळाने सगळ्यांची जिरवली म्हण.

आणि हळदीघाटीचा तरी चेतक खरा किती? १८ जून १५७६ ची लढाई खरी, राणा प्रताप खरे. घोड्याचं नाव मात्र त्या काळच्या नोंदींत सापडत नाही, ते पुढच्या चारणांच्या काव्यांतून आलं, असं इतिहासकार सांगतात. पाय तुटलेला असताना घोड्याने ओढा ओलांडून धन्याला पलीकडे नेलं आणि मग प्राण सोडला, ही गोष्ट आपल्या भागात वेगळीच जवळची. इथल्या राजपूत घरांत राणांची तसबीर असते, तशी भिल्ल घरांतही त्यांची गोष्ट सांगतात. मेवाडच्या राजचिन्हावर एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला भिल्ल उभा आहे, तो उगाच नाही. हवाई दलानेही तेच नाव उचललं. फ्रान्सच्या परवान्यावर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेलं हेलिकॉप्टर, त्याचंही नाव चेतक. दमलेल्याला सुखरूप पलीकडे पोचवणारा एवढा एकच अर्थ त्या नावात लोकांनी भरला होता. जोरात पळणारा घोडा म्हणून कुणी चेतकला आठवत नाही. तुझ्या कॅप्रीत आणि आपल्या चेतकमध्ये फरक पडतो तो इथे.

आप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, चेतक नोंदवली तेव्हा कंट्रोलचा जमाना होता. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं. देशाला हव्यात ढीगभर, परवाना मूठभर. नंबर लागायला वर्षामागून वर्षं जायची, दहा वर्षं थांबलेली माणसंही होती. हातात आलेली गाडी त्याच दिवशी जास्त पैशाला खपायची. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे चेतक मागायचे, हेही तुला सांगायला हवं, कारण आठवणी काढताना लोक ती बाजू गाळतात. आप्पांच्या गाडीची नंबर प्लेट एमएच १८, म्हणजे धुळ्याची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला आणि एमएच ३९ आलं, पण आप्पांना १८ चाच अभिमान. जुना नंबर म्हणजे जुना मालक.

मी तोवर गॅरेज टाकलं होतं. माझ्या दृष्टीने चेतक म्हणजे उजवीकडे इंजिन, डावीकडे डिकी, आणि दोन्हींचा तोल सांभाळणारा चालवणारा. सकाळी गाडी एका अंगाला कलती करायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग किक. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, त्यामुळे मूठच्या मूठ फिरवायची. गिअर वायर तुटली की माणूस दुसऱ्या गिअरवर पाच मैल रेटत यायचा. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं की प्लग काळा. सायलेन्सर तुंबला की खोलून भट्टीत लाल करायचा आणि ठोकून काजळी झाडायची. एवढ्या कामाला लागायचं काय? पाना, पक्कड, पॉलिश पेपर. लोणखेडा, प्रकाशा, म्हसावद, कुठल्याही नाक्यावर झाडाखाली बसलेला मिस्त्री हे करू शकायचा. पुढे उभं एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर आणि स्टेपनीला अडकवलेली पिशवी असा संसार ती गाडी ओढायची. बंद पडायची, नाही कसं म्हणू? पण रस्त्यात सोडून यावी लागत नसे. जाहिरात १९८९ मध्ये आली, 'हमारा बजाज' वाली. ती चांगलीच होती, पण नावाला इभ्रत त्याआधीच मिळालेली होती आणि ती कमावून देण्यात नाक्यावरच्या मिस्त्रीचा हात मोठा होता. हे मी स्वतः मिस्त्री आहे म्हणून म्हणतोय असं वाटलं तर वाटू दे.

मग ती चेतक गेली. १९९१ नंतर परवान्याचं राज्य सरलं. मोटरसायकली कमी पेट्रोलमध्ये जास्त पळायच्या, आणि आपल्या रस्त्यांवर त्यांची मोठी चाकं खड्ड्याला दाद देत नसत. शेवटी शेवटी फोर-स्ट्रोक चेतकही काढून पाहिली कंपनीने. २००६ च्या सुमारास चेतक बंद झाली आणि २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. राहुल बजाज यांनी आपल्याला याचं वाईट वाटलं हे लपवलं नाही, मुलाचा निर्णय असूनही जाहीरपणे बोलले. व्यवहार मुलाचा बरोबर होता, पल्सरवर कंपनी उभी होती. पण दहा वर्षांनी त्याच कंपनीला विजेच्या गाडीसाठी नाव हवं झालं, तेव्हा कोठारातून निघालं ते बापाच्या काळातलं. बजाज सुपर होती, साताऱ्याला बनणारी प्रिया होती. त्यांची आठवण कुणी काढली नाही.

नाव परत आणण्याची आता साथच आलीय म्हणा. गेल्या महिन्यात टाटांनी सिएरा आणली, १९९१ ची, पुण्यात जन्मलेली. यंदाच किनेटिक डीएक्स विजेवर आली. जावा २०१८ पासून फिरतेय. कारण सरळ आहे. नवं नाव लोकांच्या तोंडी रुळवायला जाहिरातीवर पैसा ओतावा लागतो आणि जुनं नाव आयतं मिळतं. त्यातून विजेची गाडी म्हटली की माणूस बिचकतो, म्हणून दारात ओळखीचा माणूस उभा करायचा. यात पाप काही नाही, पण माया कमी आणि हिशेब जास्त आहे, एवढं लक्षात ठेव. नुसत्या नावावर तरी किती भागतं? तुमच्या कोलोनच्या फोर्ड कारखान्यात जानेवारीपासून एकच पाळी चालणार असं वाचलं. कॅप्रीचं नाव होतंच की तिथे.

नव्या चेतकच्या बाजूने बोलायचं तर बरंच बोलता येईल. पत्रा लोखंडीच ठेवला, प्लास्टिकवर भागवलं नाही. जून २०२२ मध्ये, राहुल बजाज गेले त्याच वर्षी त्यांच्या जयंतीला, आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ३५ मालिका आली. बॅटरी पायाखालच्या फळीत गेली आणि सीटखाली ३५ लिटरची जागा मिळाली, एका चार्जिंगवर १५३ किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा. दाव्यातून आपल्या रस्त्यांचं काय ते तू वजा कर. या वर्षी मार्चमध्ये देशात विजेच्या दुचाकींत तीच सगळ्यात जास्त खपली. काम तेच आहे, घरातल्या माणसाला बाजारातून सुखरूप आणून सोडायचं. कॅप्रीसारखी नाव एकाचं आणि काम तिसरंच अशी गत इथे नाही. म्हणून मी हे नाव तिला मान्य करतो.

अर्धवट मात्र. नव्या गाडीत तो नाक्यावरचा मिस्त्री उरला नाही. जुन्या गाडीतही मॅग्नेट होता, मी शेकड्यांनी खोलले, घासले, बसवले. नव्या मोटरीतही मॅग्नेट आहे, पण तो दुर्मीळ धातूंचा, चीनमधून येणारा. यंदा एप्रिलमध्ये चीनने निर्यातीवर बंधनं घातली आणि ऑगस्टच्या सुमारास चेतकचं उत्पादन घटलं. एका देशाने कागद अडवला की पुण्यात पट्टा थांबतो. आणि गाडी अडली तर? लॅपटॉप लावल्याशिवाय तिला काय झालंय ते कळत नाही. सगळ्याच विजेच्या गाड्यांचं हे आहे, एकीला दोष नाही. पण धडगाव किंवा तोरणमाळकडे राहणाऱ्या माणसाला चेतक या नावात जी हमी मिळायची, की कुठेही बंद पडली तरी कुणीतरी चालू करून देईल, ती नव्या गाडीत अजून आलेली नाही. नाव विकत घेता येत नाही असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. नाव आरामात घेता येतं, ते ज्यांनी टिकवलं ती माणसं सोबत येत नाहीत.

परवा सारंगखेड्याला जाऊन आलो. दत्तजयंतीपासून यात्रा भरलीय. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि घोडेबाजारात शिरलो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबहून आलेले पांढरे नुकरा, अबलख, पंचकल्याण. व्यापारी अंगावरचे भोवरे दाखवून किंमत लाखांत सांगतात आणि रेवाल चाल दाखवायला पोरगं घोड्यावर बसवतात. कमानीवर 'चेतक फेस्टिव्हल'. गेल्या काही वर्षांपासून पर्यटन खात्याच्या जोडीने हे नाव रूढ झालंय. तंबू आले, स्पर्धा आल्या, मुंबईचे फोटोवाले आले. म्हणजे आकुर्डीत नव्या गाडीला जुनं नाव दिलं, आणि इथे शेकडो वर्षांच्या यात्रेला नवं. गावात कुणाला विचारलंस तर तो अजूनही 'सारंगखेड्याची यात्रा' असंच म्हणेल. पण बाहेरून घोडे घेऊन येणाऱ्यांना नव्या नावाने गिऱ्हाईक मिळतं, म्हणून कुणाची तक्रार नाही. घोडा तोच आहे ना, तोवर कमानीवर काहीही लिहा.

आता आक्काच्या गाडीबद्दल. तिचं जाणं-येणं लोणखेड्याहून शहाद्यापर्यंत, बाजार आणि दवाखाना. एवढ्याला विजेची स्कूटर उत्तम, पेट्रोलचा खर्च वाचेल आणि किक मारावी लागणार नाही. चेतकची बॅटरी काढून घरात नेता येत नाही, गाडीच प्लगपाशी न्यावी लागते. आक्काचं घर तळमजल्यावर आहे, ओट्याजवळ चांगला अर्थिंगवाला पॉइंट काढून घेतला की झालं, तो मी काढून देतो. चेतक बघ, टीव्हीएसची बघ, एथरची बघ. ज्याचं सर्व्हिस सेंटर सगळ्यात जवळ आणि ज्याचे सुटे भाग लवकर मिळतात ते घे, मग पाठीवर नाव कुठलंही असो. आजोबांसाठी म्हणून चेतक घेणार असशील तर आप्पांचीच गाडी माझ्या शेडमध्ये उभी आहे, एमएच १८ ची. तिला इंजिनाचं काम लागेल, ते मी करीन, पैसे तू पाठव. आक्कासाठीच्या गाडीचे मात्र इतक्यात पाठवू नकोस. आधी तिला दोन-तीन गाड्या स्वतः चालवून बघू दे.

तुझा,
मामा