केदारनाथाची वाट आणि हातातला फोन

केदारनाथाच्या यात्रेची सुरुवात आता घरबसल्या होते. सक्तीची नोंदणी संकेतस्थळावर करता येते आणि हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’वर मिळतात. मुलगा किंवा सून हे काम फोनवर उरकून देते. तरीही निघण्यापूर्वी उंचीचा विचार आपण अवश्य करावा.

मंदाकिनीकाठचे हे मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथील श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. गौरीकुंडाहून पायी, थांबत थांबत चढणाऱ्याच्या शरीराला या विरळ हवेची थोडीतरी सवय होते. गुप्तकाशी वा फाट्याहून निघालेले हेलिकॉप्टर मात्र काही मिनिटांतच सुमारे दोन हजार मीटर वर नेते. गुडघ्यांचे कष्ट वाचतात, पण हृदयाला आणि फुप्फुसांना सावरण्यास अवधी मिळत नाही.

म्हणून हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असल्यास आरक्षणाआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गुप्तकाशीस एक-दोन रात्री विसावा घ्यावा. फोनवर हवामानाचा अंदाज पाहावा, औषधांची यादी जपून ठेवावी आणि परतीस एक दिवस मोकळा राखावा. धुक्यात उड्डाणे थांबतात.

वर पोहोचल्यावर डोकेदुखी वा मळमळ जाणवली, तर सोबत्यास लगेच सांगावे. बसल्या जागी धाप लागली, तर वैद्यकीय मदत घेऊन विनाविलंब खाली उतरावे. दर्शनाची वेळ चुकेल म्हणून त्रास लपवू नये. तिकीट पुन्हा काढता येते.